रेगेच्या नावावर

पगारानंतरचा पहिला गुरुवार.
अदलियात गाडी लावायला जागा नसते,
पुलावरून सौदीच्या गाड्या आलेल्या असतात,
आणि वॅलेचा पोरगा आमची जुनी कॅमरी
काही न बोलता मागच्या गल्लीत नेऊन ठेवतो.

दारातली मुलगी टॅबवर बोट फिरवते.
"मिस्टर रेगे?"
आमच्यातलं कुणीतरी "हो" म्हणतं.

ताम्हनकर म्हटलं की त्यांच्या जिभेला गाठ पडायची,
घोरपडेचं तर एकदा "मिस्टर गोराबादी" झालं होतं.
म्हणून नऊ वर्षांपूर्वीच ठरलं,
टेबल रेगेच्या नावावर.
दोन अक्षरं. कुणाच्या बापाला चुकायची नाहीत.

रेगे मेनू उजवीकडून वाचायचा.
"अरबी शिकलास की काय?" लोर्नाने विचारलं.
"नाही गं, भाव उजवीकडे असतात."
परातीएवढ्या बशीच्या मधोमध
सुपारीएवढं काहीतरी यायचं, वर एक पान.
तो ते पान उचलून बघायचा,
खाली आणखी काही आहे का.
तरी पहिला हजर तोच, कडक इस्त्रीत,
आणि मुकादमने बिल ओढायच्या आत
मनातल्या मनात भागाकार करून मोकळा:
"दरडोई एकवीस दिनार तीनशे फिल्स.
टिपला थोडे जास्त टाका रे,
तो पाणी देणारा पोरगा तापाने फणफणलाय."
तापाचं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेलं नसायचं.

मग त्याची कंपनी बसली.
तीन महिने पगार नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.
त्या तिन्ही गुरुवारी तो आला होता.
नुसतं सूप घेतलं होतं.
"पोट ठीक नाही."
आम्ही औषधं सुचवली.
ताम्हनकर वहिनींनी पुढच्या वेळी ओव्याची पुडी आणली.
आम्ही सहा शहाणी माणसं.

आता तो कुडाळला, मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात.
टेबलाचं नाव आम्ही बदललं नाही.
आळस म्हणा.

परवाच्या गुरुवारी
मी फोन करून नेहमीसारखे सहा सांगितले.
गेलो, तर पानं सात मांडलेली.
सात ग्लास, सात नॅपकिन,
सातव्या खुर्चीसमोरसुद्धा पावाची टोपली.
मुलीने टॅब आमच्याकडे वळवला.
निघायच्या आठवड्यात तो म्हणे एकटाच इथे येऊन
नंबर बदलून गेला होता, कुडाळचा दिला होता.
दर महिन्याला त्याला मेसेज जायचा:
सहा जण, साडेसात वाजता, नक्की असल्यास १ दाबा.
आणि दर महिन्याला, वीस महिने,
तिकडून १ आलेला.
या वेळी ७.

आम्ही दाराकडे बघत जेवलो.
हामूर गार झाला.
घोरपडे दोनदा सिगरेट ओढायला म्हणून बाहेर जाऊन आला;
सिगरेट सोडून त्याला चार वर्षं झालीत.
वेटर दोनदा विचारून गेला,
सातव्याचं पान उचलू का?
मुकादम म्हणाला, राहू दे.

नऊला फोन लावला. तिकडे साडेअकरा.
पहिल्याच रिंगला उचलला.
"अरे, बोट घसरलं," रेगे म्हणाला.
मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
कुणी काही बोलेना, तेव्हा त्यानेच विचारलं,
"काय काय मागवलंत?"

लोर्नाने फोन स्पीकरवर टाकला,
पावाच्या टोपलीला टेकवून ठेवला,
मेनू उघडला
आणि वाचायला लागली, उजवीकडून.

पहिला आकडा ऐकून तो गप्प झाला.
मग म्हणाला,
"बाप रे.
सूपच घ्या."